समुपदेशकाची खुर्ची आणि समोरचा माणूस

विशाखापट्टणम येथील एका परीक्षार्थी विद्यार्थिनीच्या मृत्यूसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला आणि त्याबरोबर देशातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, हे त्यांतील एक प्रमुख सूत्र होय. या निकालामागे असलेली आकडेवारी कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करील अशीच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थ्यांच्या होत्या. म्हणून न्यायालयाच्या निर्णयाचे स्वागत सर्व थरांतून झाले, ते यथायोग्यच म्हटले पाहिजे.

तथापि आदेशाने पद निर्माण होते आणि पदावर माणूस नेमता येतो. त्या माणसासमोर दुसरा माणूस बसून मोकळेपणाने बोलू लागेल, याची हमी कोणताही आदेश देऊ शकत नाही. आपल्या शिक्षणसंस्थांना समित्या नेमण्याची, फलक लावण्याची आणि तपासणीच्या दिवशी नोंदवही पुढे करण्याची सवय जुनी आहे. समुपदेशकाचे पदही त्याच मार्गाने गेले, तर खर्च होईल, अहवाल जातील, आणि ज्या मुलासाठी हे सारे करावयाचे तो मात्र त्या खोलीच्या दारावरून पुढे निघून जाईल. तेव्हा समुपदेशन प्रत्यक्षात कशामुळे घडते आणि कशामुळे फसते, याचा विचार पदे भरण्यापूर्वीच होणे अगत्याचे आहे.

शब्दातच दडलेला घोटाळा

‘समुपदेशन’ या आपल्या शब्दातच ‘उपदेश’ बसलेला आहे, आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ तेथेच आहे. त्या खोलीत येणाऱ्या व्यक्तीसाठी मराठीत ‘सल्लार्थी’ असाही शब्द योजला जातो. म्हणजे एकाने उपदेश करावयाचा आणि दुसऱ्याने सल्ला घ्यावयाचा, अशी कल्पना या दोन्ही शब्दांनी आपोआप उभी राहते. वस्तुतः सल्ला ही आपल्या समाजात टंचाईची वस्तू कधीच नव्हती. बारावीत अपेक्षेहून कमी गुण मिळालेल्या मुलाला वडील, काका, मामा, शेजारी, वर्गशिक्षक आणि शिकवणीचालक असे अर्धा डझन सल्लागार न मागता मिळतात. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर सल्ल्याचा पुरवठा मागणीहून कितीतरी अधिक आहे. टंचाई आहे ती ऐकणाऱ्याची. आणि तीही अशा ऐकणाऱ्याची, की ज्याचा स्वतःचा हितसंबंध त्या निर्णयात गुंतलेला नाही.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. वडील प्रेमळ असले तरी मुलाच्या निर्णयात त्यांची प्रतिष्ठा, त्यांनी काढलेले कर्ज आणि त्यांच्या म्हातारपणाची चिंता गुंतलेली असते. मित्र जिव्हाळ्याचा असला तरी उद्या भांडण झाल्यास तो काय बोलेल याची खात्री नसते. शिक्षक कितीही सहृदय असला तरी अंतर्गत गुण त्याच्या हाती असतात. या सर्वांपुढे बोलताना माणूस नकळत हिशेब करीत असतो. समुपदेशकापुढे हा हिशेब करावा लागत नाही, निदान करावा लागू नये. त्याच्याशी असलेल्या नात्याला खोलीबाहेर अस्तित्वच नसते. म्हणूनच एरवी न उच्चारलेले वाक्य तेथे उच्चारता येते.

शास्त्र काय सांगते?

या क्षेत्रातील संशोधनाचा इतिहास बोधप्रद आहे. सॉल रोझेनझ्वाइग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३६ सालीच असे सुचविले होते, की मानसोपचाराच्या परस्परविरोधी वाटणाऱ्या पद्धतींचे यश जवळजवळ सारखेच दिसते, आणि त्याचे कारण या साऱ्या पद्धतींत समान असणाऱ्या घटकांत शोधले पाहिजे. पुढे कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली आपल्या सुप्रसिद्ध निबंधात बदल घडून येण्यासाठी सहा अटी मांडल्या. समुपदेशकाचा खरेपणा, समोरच्याविषयी विनाअट आदर आणि त्याच्या भावविश्वाची अचूक समज या तीन अटी पाठ्यपुस्तकांतून सर्वांना परिचित आहेत. परंतु पहिली आणि शेवटची अट बहुधा विसरली जाते. दोन व्यक्तींचा परस्परांशी खराखुरा मानसिक संपर्क असला पाहिजे, ही पहिली अट; आणि समुपदेशकाचा आदर व त्याची समज काही अंशी तरी समोरच्यापर्यंत पोहोचली पाहिजे, ही शेवटची. आपण समजून घेतले असे समुपदेशकाला वाटून भागत नाही. आपल्याला समजून घेतले गेले, असे समोरच्याला वाटावे लागते.

केवळ ऊब आणि आपुलकी एवढ्यावरच हे काम चालते, असा याचा अर्थ करणे चूक ठरेल. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यापासून नेमकी उलट वाट धरली. समोरच्याच्या अविवेकी समजुतींवर ते थेट, प्रसंगी बोचऱ्या शब्दांत हल्ला चढवीत. आणि तरीही त्यांच्याकडे येणाऱ्यांना लाभ होत असे. या कोड्याचा उलगडा एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली केलेल्या मांडणीतून होतो. उपचारातील सहकार्य तीन पायांवर उभे असते, असे त्यांनी दाखविले: कोठे पोहोचावयाचे याविषयी दोघांचे एकमत, त्यासाठी काय करावयाचे याविषयी एकमत, आणि दोघांमधील विश्वासाचे बंधन. रॉजर्स यांच्या खोलीत तिसरा पाय अधिक भक्कम होता, एलिस यांच्या खोलीत पहिले दोन. तिन्ही पाय लुळे असतील तर मात्र पदवी कोणत्याही विद्यापीठाची असो, तिवई उभी राहत नाही.

या सहकार्याचा परिणामाशी संबंध किती? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनात २९५ अभ्यासांचे, म्हणजे तीस हजारांहून अधिक रुग्णांचे, निष्कर्ष एकत्र केले गेले. त्यात हा सहसंबंध सुमारे ०.२८ आढळला. संख्याशास्त्र शिकलेला विद्यार्थी लगेच सांगेल, की याचा अर्थ परिणामांतील तफावतीपैकी सुमारे आठ टक्केच याच्याशी जोडता येते. आकडा लहान आहे हे मान्य करावे. पण पद्धत बदलली, आजार बदलला, देश बदलला, तरी तो पुन्हा पुन्हा तसाच समोर येतो. शिवाय समुपदेशकाला आपल्या वागण्याने ज्यावर प्रभाव पाडता येतो अशा गोष्टी मुळातच थोड्या असतात. घरचे दारिद्र्य, पूर्वायुष्य, नशिबी आलेला आजार यांवर त्याचा काहीच ताबा नसतो.

समोरासमोर कशासाठी?

येथे एक रास्त आक्षेप उपस्थित होतो. बोलणेच महत्त्वाचे असेल, तर त्यासाठी खोली, खुर्च्या आणि प्रवास यांचा खर्च कशाला? केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली; १४४१६ या क्रमांकावर कोणालाही विनामूल्य बोलता येते. २०२० च्या महासाथीनंतर पडद्यावरील समुपदेशन सर्रास झाले, आणि नैराश्य व चिंता यांसारख्या तक्रारींत त्याचे परिणाम प्रत्यक्ष भेटीहून फारसे उणे नाहीत, असे अनेक अभ्यासांत दिसूनही आले. हे नाकारण्याचे कारण नाही. मध्यरात्री ज्याचा धीर सुटला त्याला, किंवा ज्याच्या तालुक्यात एकही तज्ज्ञ नाही त्याला, दूरध्वनी हाच आधार आहे.

परंतु या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: बोलणाऱ्याला बोलण्यासाठी जागा आहे. मुंबईच्या चाळीतील एका खोलीत पाच माणसे राहतात; वसतिगृहात एका खोलीत तिघे-चौघे असतात; गावाकडील घरात दार लावून कोणी तासभर बोलत बसले, तर तोच एक प्रश्न होतो. अशा घरातील मुलीने आपल्या सासरची, आपल्या भीतीची किंवा वडिलांच्या दारूची गोष्ट दूरध्वनीवर कोणाला आणि कशी सांगावी? पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांत बहुधा न उमटणारी ही वस्तुस्थिती आहे. समुपदेशनाची खोली ही आपल्याकडील कित्येकांच्या आयुष्यातील बंद दाराची एकमेव जागा असू शकते. त्या खोलीचे भाडे हा चैनीचा खर्च नव्हे. उपचाराचाच तो एक भाग आहे.

दुसरी गोष्ट मौनाची. दूरध्वनीवर अर्धा मिनिट शांतता पसरली, की ‘हॅलो, ऐकू येते ना?’ हा प्रश्न येतोच. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांत तीच शांतता कामाची ठरते. हातांची चुळबूळ, खाली गेलेली नजर, ‘सगळे ठीक आहे’ म्हणताना आवळलेला जबडा हे सारे समुपदेशकाला दिसते. आणि आपले मौन याला जड जात नाही, हे समोरच्यालाही दिसते. तिसरी गोष्ट नियमिततेची. फ्रॉईड यांनी १९१३ साली उपचाराच्या आरंभाविषयी लिहिताना ठरावीक तास ठरावीक व्यक्तीसाठी राखून ठेवण्यावर भर दिला होता. त्यांच्या अनेक सिद्धांतांची पुढे पडझड झाली. हा व्यावहारिक दंडक मात्र टिकला. तीच खोली, तीच वेळ, तोच माणूस. ज्याच्या आयुष्यातील बाकी सर्व अनिश्चित झाले आहे, त्याला आठवड्यातील ही एक निश्चित गोष्ट आधार देते.

येणाऱ्याची बाजू

समुपदेशन यशस्वी होण्यात येणाऱ्याचाही वाटा मोठा असतो, आणि तो बहुधा खोलीत शिरण्यापूर्वीच ठरतो. ‘पाठविलेला’ आणि ‘आलेला’ यांत फार अंतर आहे. हजेरी कमी भरली, वर्गात उद्धटपणा केला, मारामारी झाली की ‘याला समुपदेशकाकडे पाठवा’ असा आदेश काही संस्थांतून निघू लागला आहे. त्यामुळे ती खोली मुख्याध्यापकांच्या खोलीची शाखा बनते. शिक्षा म्हणून गेलेला विद्यार्थी तेथे शिक्षा भोगूनच परततो, आणि त्याला पाहणारे दहाजण त्या दारापासून दूर राहण्याचा धडा घेतात.

दुसरा प्रश्न गुप्ततेचा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या तेविसाव्या कलमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गुप्ततेचा हक्क दिला आणि उपचार करणाऱ्यांवर ती पाळण्याचे बंधन घातले. जीविताला धोका असेल, किंवा दुसऱ्या कोणाला इजा होण्याची शक्यता असेल, अशा प्रसंगांचे अपवाद कायद्यात आहेत. महाविद्यालयात येणारा प्रत्येक विद्यार्थी आजारी नसतो हे खरे. तरीही हा किमान दंडक तेथेही पाळला गेला पाहिजे. गुप्ततेची मर्यादा कोठे संपते, हे पहिल्याच बैठकीत स्वच्छ शब्दांत सांगितले, तर विश्वास घटत नाही, वाढतो. उलट प्राचार्यांच्या टेबलावर नावानिशी यादी जाते असे एकदा कळले, की ती खोली कायमची ओस पडते.

तिसरी गोष्ट नकाराच्या हक्काची. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ६६९ अभ्यासांच्या संकलनानुसार, उपचार घेणाऱ्यांपैकी साधारण पाचांतील एक जण तो मध्येच सोडून देतो. प्रत्येक वेळी यात कोणाचा दोष असतोच असे नाही. दोन माणसांचे जुळत नाही, एवढेच कारण पुष्कळदा असते. ‘याचा मला उपयोग होत नाही’ असे समुपदेशकाच्या तोंडावर सांगता येणे, आणि त्याने ते मनाला लावून न घेता पद्धत बदलणे किंवा दुसऱ्याकडे पाठविणे, हेही यशस्वी समुपदेशनाचेच लक्षण होय. वडीलधाऱ्यांपुढे ‘हो’ म्हणण्याचे वळण लागलेल्या आपल्या मुलांना हे बोलणे अवघड जाते. म्हणून तो प्रश्न समुपदेशकानेच दर दोन-तीन बैठकींनंतर आपणहून विचारला पाहिजे.

खुर्चीवर बसणाऱ्याची बाजू

येणाऱ्याविषयी थोडीफार चर्चा होते. समुपदेशकाला काय लागते याविषयी मात्र कोणी बोलत नाही. दिवसभर इतरांचे दुःख ऐकणारा माणूस हा काही तळ नसलेले भांडे नव्हे. दोन बैठकींमध्ये टिपण करण्यास आणि मन रिकामे करण्यास वेळ, दिवसाला ठरावीक संख्येची मर्यादा, आणि आपल्या कामाविषयी मोकळेपणाने बोलता येईल असा अनुभवी मार्गदर्शक, या त्याच्या किमान गरजा आहेत.

या बाबतीत गोव्यातील एक प्रयोग डोळ्यांत भरण्यासारखा आहे. ‘संगथ’ या संस्थेच्या पुढाकाराने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. समुपदेशक होते ते मानसोपचाराची पदवी नसलेले, परंतु या कामासाठी खास प्रशिक्षण दिलेले स्थानिक स्त्री-पुरुष. आठवड्याला एक याप्रमाणे सहा ते आठ बैठकी, आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी, अशी योजना होती. तीन महिन्यांनंतर नेहमीच्या सुधारित उपचाराबरोबर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले आढळले. केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. झिम्बाब्वेच्या हरारे शहरात दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून वयस्क आरोग्यसेविकांनी चालविलेल्या समुपदेशनाचेही असेच उत्साहवर्धक निष्कर्ष २०१६ साली पुढे आले.

यावरून घाईने असा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव आहे, की मग कोणीही हे काम करील. एखाद्या होतकरू शिक्षकावरच अतिरिक्त कार्यभार म्हणून ते सोपवावे. तो निष्कर्ष चुकीचा आहे. गोव्यातील समुपदेशक आपल्या बैठकींचे ध्वनिमुद्रण सहकाऱ्यांसमवेत ऐकत, त्याचे गुणांकन करीत, आणि त्यांच्या चुका तेथेच दुरुस्त होत. पदवीची उणीव देखरेखीने भरून काढली होती. आपल्याकडे पदवी मागितली जाते आणि देखरेख मात्र शून्य असते. शिवाय त्या समुपदेशकांच्या हाती रुग्णाचे अंतर्गत गुण नव्हते. ज्याच्या सहीवर विद्यार्थ्याची परीक्षा अवलंबून असते, त्या शिक्षकाने चांगला श्रोता जरूर व्हावे. पण ती खुर्ची त्याची नव्हे.

शिक्षकांचे आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे काम वेगळे आणि तितकेच मोलाचे आहे. वर्षातून किमान दोनदा अध्यापक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, असे न्यायालयाच्या सूत्रांत म्हटले आहे. ते दूरदृष्टीचे आहे. शुल्काच्या खिडकीवर तिसऱ्यांदा मुदत मागणारा, परीक्षेचा अर्ज न भरणारा, दाखला काढून नेण्याची चौकशी करणारा विद्यार्थी प्रथम दिसतो तो लिपिकाला. त्याने एक आपुलकीचा शब्द बोलून योग्य दाराची वाट दाखविली, तर पुढील काम सुकर होते.

हिशेब कशाचा ठेवावा?

आता प्रश्न पैशाचा. एका समुपदेशकाने दिवसाला पाच बैठकी घेतल्या, तर आठवड्याच्या पंचवीस होतात. अध्यापनाचे तीस आठवडे धरल्यास वर्षाच्या साडेसातशे. प्रत्येकाला सहा बैठकी द्यावयाच्या म्हटल्यास १२५ विद्यार्थ्यांना न्याय मिळेल. तीन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात हे प्रमाण शेकडा चार पडते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की ‘किमान एक’ हा आकडा किती किमान आहे हे ध्यानात येते. साहजिकच संस्थाचालकांना मोह होतो तो बैठकी आखूड करण्याचा, शंभर जणांना सभागृहात बसवून ‘सामूहिक समुपदेशन’ उरकण्याचा, आणि अकरा महिन्यांच्या करारावर दरवर्षी नवा माणूस आणण्याचा. यांतील प्रत्येक काटकसर नेमकी तीच वस्तू नष्ट करते, जिच्यासाठी खर्च करावयाचा आहे. ज्याच्यापाशी पाच महिन्यांनी कोठे मन उघडले, तो माणूस जूनमध्ये त्या खुर्चीवर नसेल, तर विद्यार्थी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करीत नाही. तो येण्याचेच थांबवितो.

म्हणून अहवालात ‘किती प्रकरणे हाताळली’ एवढाच रकाना पुरेसा नाही. पहिल्या भेटीनंतर किती जण दुसऱ्यांदा आपणहून आले, हा रकाना नावे न देता भरता येण्यासारखा आहे, आणि तोच समुपदेशनाच्या दर्जाविषयी खरे काही सांगू शकेल.

समुपदेशनाच्या मर्यादाही येथेच नोंदविल्या पाहिजेत. गंभीर मानसिक आजाराला मनोविकारतज्ज्ञाचे औषध लागते. तेथे केवळ बोलत बसणे हा अपराध ठरेल. एका अंदाजानुसार देशात लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता नव्हता, हे प्रमाण ०.७५ एवढेच होते. म्हणजे पुढे पाठविण्याची वाटही अरुंदच आहे, आणि ती रुंद करणे हे सरकारचे काम आहे. तसेच ज्या मुलाची शिष्यवृत्ती वर्षभर रखडली आहे, त्याला धीर धरण्याचे समुपदेशन देणे ही क्रूर थट्टा होईल; त्याला त्याची शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली पाहिजे. व्यवस्थेने निर्माण केलेले दुःख व्यक्तीच्या मनाचा दोष ठरवून त्या खोलीत ढकलण्याचा मोह शासनाने आणि संस्थांनी कटाक्षाने टाळला पाहिजे.

एवढ्या मर्यादा मान्य करूनही शिल्लक राहते ते थोडे नाही. दार लागणारी एक खोली, आठवड्यातील एक राखीव तास, कायम नेमणुकीवरचा, देखरेखीखाली काम करणारा एक प्रशिक्षित माणूस, आणि तेथे बोललेले तेथेच राहील याची खात्री: या चार गोष्टींची तरतूद प्रत्येक संस्थेच्या अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली झाली पाहिजे, आणि ती झाली की नाही हे प्राध्यापक, कर्मचारी व विद्यार्थी यांच्या संघटनांनी विचारले पाहिजे. न्यायालयाने खुर्ची ठेवावयास सांगितले आहे. तिच्यासमोर दुसरी खुर्ची ठेवून, दार लावून, घड्याळाकडे न पाहता ऐकले जाईल, एवढे करणे आता आपल्या संस्थांच्या हाती आहे.